पांढरं किचन

मालाडला दातांच्या डॉक्टरकडे माझा नंबर सतरावा होता. शेजारी एक सासू-सून बसल्या होत्या, मध्ये नव्या किचनच्या कपाटांचा कॅटलॉग उघडा.

"आई, पांढरंच घेऊया. एकदम झकास दिसतं."

"आणि पांढऱ्यावर हळद उडाली म्हणजे?"

"हळद जरा जपून घालू."

"बांगडे तळताना तेल उडतं, ते कसं जपणार गो?"

"बांगडे बाल्कनीत तळू ना. जुनी शेगडी आहेच."

"वाटप?"

"मिक्सरपण बाल्कनीत ठेवू. झाकण उडालं तर वाट लागेल."

"आणि फोडणी?"

"धूर होतो हो, आई. तीपण तिकडेच."

"मग किचनात करायचं काय?"

"चहा."

"तुझा चहा रोज उतू जातो."

"बरं, नुसतं पाणी तापवू."

"वाफेने प्लाय फुगतं. सुतार माझ्यासमोर बोलला."

"मग एक काम करूया का? किचन राहू दे जुनंच. सगळं बाल्कनीतच होणार, तर नवी कपाटं बाल्कनीतच बसवू."

"हे बरं सुचलं तुला! पण घे पांढरीच. समोरच्या बिल्डिंगला दिसली पाहिजेत."

"पांढरी? मग बांगडे कुठे तळायचे, आई?"

"किचनात. ते आता रिकामंच ना!"