आमच्या डीपीची परीक्षा

माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. दुसऱ्याचं आयुष्य कागदावर उतरवणारी मी कोण, असं सारखं वाटतं, क्षमा असावी. मूल गावचे लाईनमन शरीफभाऊ आमच्या कॉलेजच्या वीजभाराच्या चाचणीत भेटले. ते बोलले तसं लिहिलं आहे. चुकलं असेल ते माझं.

काय सांगू बेटी तुले, आमचं घर इथीच मूलले, अब्बा राईस मिलमध्ये पोते उचले, आन मी लायनीवर लागलो तो खांबावरच म्हातारा झालो. मोहल्ल्याची डीपी, म्हंजे तो ट्रान्सफॉर्मर, मीच बसवली, तवा घरोघरी एक पंखा आन दोन बल्ब, बस. आता पाहा, दर दुसऱ्या अंगनात ई-रिक्षा. सगळे दुपारी जेवाले येतेत, सगळे एकाच टायमाले चार्जिंगले लावतेत, का फ्यूज उडलीच, का मंदाबाईची हाक आलीच, ओ शरीफभाऊ, जेवन झालं असन तं चढा. जेवन कुठी झालं, बाई! मंदाबाई स्वतः रिक्षा चालवते, तोंडाची फटकळ, पन मी चढलो का शिडी तीच धरते.

रिटायर व्हाले महिना राह्यला होता. मनात एकच, जायच्या आधी मोठी डीपी लागली पाहिजे, नाई तं नवा लाईनमन बी असाच उपाशी चढन. हापिसातले साहेब म्हने, आधी लोड जास्त हाय ते दाखवा. तवा तुम्ही कॉलेजवाले आले, डीपीले मशीन लावली, रिक्षा चार्ज होतेत तवा लायनीवर किती भार येते ते मोजाले. मी मोहल्ल्यात सांगून आलो, उद्या दुपारी आपल्या डीपीची परीक्षा हाय. एवढंच सांगितलो. तेच चुकलं.

संध्याकाळी तुहाच फोन आला ना, भाऊ, तुमच्या इथी रिक्षा कोनी चार्ज करतच नाई का, भार तं काहीच दिसत नाई. मी धावत गेलो. मंदाबाई पदरानं वारा घेऊन राह्यली होती. म्हने, एका रिक्षाले वायर लावू देली नाई मी, पंखे बी बंद ठेवले सगळ्याईचे. मी म्हनलो, काऊन? म्हने, तुमची डीपी, तुमचा शेवटचा महिना, नापास झाली तं तुमच्या नावाले डाग नाई लागन? मले हसू येवे का रडू, कळे नाई. म्हनलो, अवो बाई, तिले नापासच कराचं हाय! तवाच तं मोठी भेटन! ती म्हने, मंग तसं सांगाव ना, अख्खा मोहल्ला उकडून काढला मी.

तुम्ही बिचारे पुन्हा आले. साऱ्या रिक्षा एकदम लागल्या. पंखे हळू झाले, अजून हळू झाले, आन फट्ट! गल्लीत टाळ्या. उभ्या नोकरीत फ्यूज उडल्याची खुशी मले पहिल्यांदा झाली. चढलो, शिडी मंदाबाईनंच धरली.

मंग रिटायर झालो, खबर काही येईना. मंदाबाई रोज विचारे, निकाल लागला का, भाऊ? काल नवा लाईनमन दारात आला, म्हने, मोठी डीपी मंजूर झाली. मी बिनाचपलेचा तिच्या अंगनात गेलो, म्हनलो, बाई, नापास झाली आपली डीपी. तिनं रिक्षाचा भोंगा दाबला तो सोडेचना.