हेल्गाबाईचा मोकळा डबा

मोकळा! सपशेल मोकळा! घासलेला, पुसलेला, झाकन गच्च बसवलेलं… आन् आत काय? वारा! आता तुमीच सांगा बायांनो, मोकळा डबा कुनी परत देतं का? आपल्या भुकूम गावामदी दिलाय कुनी आजवर? घरात काय नसलं तर चिमूटभर साखर टाकावी, दोन मिरच्या टाकाव्यात, पन मोकळं भांडं परत आलं म्हंजी… झालं, तुमचं आमचं तुटलं! व्हय का न्हाई? सखू, हसू नगं. तुजी सासू कडीपत्त्याच्या काड्या घालून पाठवायची पातेलं, पन मोकळं न्हाई पाठवलं बाईनं कदी.

आन् ह्ये झालं कुटं? जर्मनीत! माज्या मोनालीच्या बाळंतपनाला गेलते न्हवं का मी. अवो, तुमाला सांगते, तितली शांतता! रस्त्यावर मानूस न्हाई, मानूस असलं तर बोलत न्हाई, आन् कुत्रं… कुत्रं सुदिक गाडीत बाकड्याखाली गप बसून जातंय, तिकीट काढल्यागत! रविवारी मी वाटनाला मिक्सर लावला, तर मोनाली बाळाला टाकून पळत आली. ‘आई, बंद कर, बंद कर, आज रविवार आहे!’ म्हनलं, मंग? रविवारी काय खोबऱ्याला उपास असतोय? तर म्हनं, रविवारी आवाज करायचा नसतो. बरं, न्हाई करत. बाळाला धुरी द्यावी म्हनून तव्यावर उगं चार दानं ओवा टाकला… तर छताला बसवलेलं कायतरी जे केकाटाया लागलं! जावई, आमचं कैलासराव, एवडा शिकलेला मानूस, खुर्चीवर उभं राहून टावेलनं वारा घालतुया त्या छताला, आन् खाली मी तवा घिऊन उभी!

त्ये सगळं सोसलं. पन बाळ बघायला कुनी येईना हो! नात झाली मला, जान्हवी, नाकीडोळी नीटस… आन् दाराशी चप्पल म्हनून न्हाई कुनाची. मी रोज पदर सावरून बसायची. म्हनलं, ‘मोनाली, शेजारपाजार हाय का न्हाई तुला?’ ‘आहे की. पण इथे कुणी असं न विचारता येत नाही, आई. आधी फोन करतात, वेळ ठरवतात.’ वेळ? बाळ बघायला? अगं, तू जन्मलीस तवा आपल्या पडवीत पाय ठिवाया जागा न्हवती, बाळंतिनीला झोप म्हनून मिळाली न्हाई, तुज्या आज्ज्यानं शेवटी काठी आपटली!

माजा जीव काय मिक्सरसाटी तळमळत न्हवता, बायांनो. मी आज ना उद्या परत येनार. जावई सकाळी जातंय, ते सांजचं येतंय. मागं माजी लेक एकली, बाळ घिऊन, बंद दाराआड. पोटात दुखलं, चक्कर आली, तर हाक कुनाला मारायची तिनं?

म्हनून बारशाच्या घुगऱ्या भरल्या डब्यात, आन् समोरच्या दारी दिल्या. ती हेल्गाबाई. म्हातारी, उंच, एकलीच, मानूस चांगलं. दोनी हातांनी डबा घेतला, हसली, कायतरी लांबलचक बोलली. आन् दुसऱ्या दिवशी डबा दारात… मोकळा! मी तशीच भिताडाला टेकून बसले. मोनाली म्हनती, ‘अगं, तिने धुऊन दिला, इथे तोच चांगुलपणा.’ चुलीत गेला तसला चांगुलपना! पुरनपोळी दिली, मोकळा. डिंकाचा लाडू दिला, मोकळा! आता तुमीच सांगा, मोकळा डबा कुनी परत देतं का?

मंग उठले आन् गेले तिच्या दारी. फोन न्हाई, वेळ न्हाई, दार वाजवलं. तिच्याच मेजावरची साखर घेतली चिमूटभर. बोट तिच्याकडं केलं, बोट माज्याकडं केलं. मोकळा डबा धरला आन् तोंड असं पाडलं. त्यात साखर टाकली आन् हसले. भाषा कुनाला येतीया? बगत राहिली माज्याकडं. मंग आत गेली, हिकडं बग, तिकडं बग, आन् आनून टाकलं डब्यात… दोन बटाटं! कच्चं! मातीसकट! बायांनो, मी तितंच रडले. मला रडताना बगून ती बी रडली. का, ते तिलाच ठावं.

मंग काय! बटाट्याची भाजी तिकडं, तिकडनं केक हिकडं, डबा जिन्यात थांबतच न्हवता. निगताना जान्हवीला तिच्या मांडीवर ठिवलं आन् मोनालीकडं बोट केलं. हेल्गाबाईनं मान हालवली. जीव असा भांड्यात पडला माजा, इमानात पैल्यांदा झोपले.

आन् परवा मोनालीचा फोन. आवाज चढलेला. ‘आई, काय शिकवून ठेवलंस गं त्या हेल्गाला? रोज येते! फोन नाही, मेसेज नाही, सरळ दार वाजवते, हातात डबा! जान्हवी झोपली की माझा जरा डोळा लागतो, नेमकी तेव्हाच!’

म्हनलं, ‘अगं, मंग बरंच हाय की!’

‘बरं काय? मी सांगितलं तिला, आधी विचारून येत जा.’

मी हळूच इचारलं, ‘आन् डबा गं? डबा कसा देतीस परत?’

‘कसा म्हणजे? धुऊन देते. स्वच्छ.’

अगं माज्या कर्मा! परकी म्हातारी सुधारली आन् पोटची पोर बिगडली! एवड्या लांब जाऊन शिकवून आले, ते भलत्याच बाईला! बोलनार हुते, पन ती म्हनली, ‘आणि आई, तू पण मनात येईल तेव्हा फोन नको करूस, आधी मेसेज टाकत जा.’

टाकते बाई. रोज टाकते. तुमी बाया अशा न इचारता येऊन बसता, बरं वाटतं… पन तुमी गेल्यावर टाकते मेसेज, आन् उत्तर येईस्तवर त्यो फोन मांडीवर घिऊन बसते. दुसरं काय हाय आता मांडीवर घ्यायला?