थंडीत दही लागत नाही

(पलूसजवळच्या एका गावात, सकाळचं अंगण. शालूबाईंच्या फोनवर साताऱ्याहून जावई जयराज. स्पीकर चालू आहे. शेजारी त्यांची लेक अंकिता मेथी निवडत बसली आहे. ती बोलते तेव्हा शालूबाई फोनवर तळवा दाबून धरतात.)

जयराज : म्हंजे पातेलं पिठाच्या डब्यात ठेवायचं? पिठात?

शालूबाई : पिठात बुडवायचं न्हाई जावईबापू! डब्यात पीठ असतंय, त्यावर पातेलं बसवायचं आन वरनं झाकण लावायचं. थंडीत दह्याला ऊब लागती, दुसरं काय न्हाई.

जयराज : मी टॉवेल गुंडाळला होता मामी. सकाळी बघतोय तर दूध ते दूधच.

शालूबाई : दूध कितपत तापवलं हुतं?

जयराज : कोमट. तुम्ही मागं सांगितलं तसं.

शालूबाई : आवं, ते उन्हाळ्यातलं कोमट. आता जरा जास्त पायजे. आन विरजणबी जरा वाढवून घाला. घातल्यावर चांगलं ढवळा.

जयराज : जास्त म्हणजे किती? पंचेचाळीस डिग्री?

शालूबाई : मला कुठली डिग्री कळायला! बोट घातलं की काढून घ्यावंसं वाटतंय पर काढत न्हाई, एवढं गरम.

अंकिता : अजून दह्यावरच हाय व्हय गाडी?

शालूबाई : गप गं जरा.

जयराज : काय म्हणालात?

शालूबाई : मांजरीला म्हणलं. दुधाच्या वासानं आलीया. बोला तुमी.

जयराज : मेथी पेरलीय. मागल्या गॅलरीत, थर्माकोलच्या खोक्यात. उगवली चांगली, पण आता बुडातनं मऊ पडतीय आणि आडवी हुतीय.

शालूबाई : पाणी कवा घालताय?

जयराज : सेकंड शिफ्ट करून आल्यावर.

शालूबाई : मध्यान् रातीला? आवं, ह्या गारठ्यात रातभर वली राहती ती माती. रोप कुजणार न्हाईतर काय. पाणी सकाळी ऊन आल्यावर घालायचं. आन खोक्याच्या बुडाला भोकं पाडलीत का?

जयराज : भोकं? न्हाई.

शालूबाई : शाब्बास.

जयराज : आज पाडतो. आणि कढीपत्ता पिवळा पडलाय. मोठ्या कुंडीत बदलू का?

शालूबाई : आता न्हाई. थंडीत त्याचं मूळ हलवू नका, वरनं छाटूबी नका. पाणी कमी करा आन उन्हाकडं सरकवा. हे दीस ते नुसतं तग धरतंय. उन्हाळा लागला की फुटंल आपोआप.

जयराज : तिचं झाड हाय ना ते. आल्यावर म्हणंल, एवढं एक सांभाळता आलं न्हाई.

अंकिता : ऐकलंस? आल्यावर म्हणत्यात. आई, सांग आता. वकिलानं काल कागद धाडलाय. त्यो हातात पडायच्या आत मी सांगते, असं तूच म्हणली हुतीस.

शालूबाई : सांगते. अगुदर दह्याचं तरी मार्गी लागू दे.

अंकिता : दिवाळीपासनं फोन करत्यात. एकदा तरी म्हणले का, तिला म्हणावं ये?

शालूबाई : बुजतंय गं माणूस.

अंकिता : तेवढं म्हणले असते तर मी वकिलाची पायरी चढले नसते. आजबी म्हणले तर थांबंन. पर न्हाई म्हणायचे. बग तू.

जयराज : मामी? आवाज जातोय का?

शालूबाई : येतोय, येतोय. रेंज जाती हितली मधनंच.

जयराज : घेवड्याला कीड लागलीय, मावा पडलाय. काळा. शेंड्याला नुसता चिकटलाय.

शालूबाई : चुलीतली राख चाळून उडवायची त्याच्यावर.

जयराज : इथं राख कुठली? गॅस हाय.

शालूबाई : व्हय की. मग तेवढे शेंडे खुडून टाका, आन पाण्याच्या जोरानं पाला धुऊन काढा. सकाळी. रात्री न्हाई.

जयराज : सकाळी. बरं. खालच्या मजल्यावरचे शिंदे म्हणत हुते की निंबोळीचं तेल मारा. ते मिलिटरीतनं आलेत, त्यांची बाग बघण्यासारखी हाय. कोबी धरलाय त्यांचा, एवढा एवढा. मी म्हणलं, आमच्या मामींना विचारतो आधी.

शालूबाई : जावईबापू, एक बोलू का? राग मानायचा न्हाई.

जयराज : बोला की.

शालूबाई : चार वरसांत तुमी माझ्यासंगं ‘बरं हाय’ च्या फुडं बोलला न्हाईसा. आता शिंद्यांचा कोबीसुदिक मला ठावं झालाय.

जयराज : त्रास हुतोय का माझ्या फोनचा?

शालूबाई : तरास न्हाई वं. गोड वाटतंय. म्हणूनच वाईट वाटतंय. लेक सांगायची, आई, घरात दोन दोन दीस शब्द न्हाई. आमटीत मीठ न्हाई एवढंबी बोलत न्हाईत, तशीच खात्यात. मला वाटायचं, पोरगी वाढवून सांगतीया. तुमी मारत न्हाई, पीत न्हाई. मी तिलाच बोलायची.

जयराज : काय बोलायचं तेच सुचायचं न्हाई मामी. दिवसभर मशीनचा आवाज. घरी आलं की बरं वाटायचं, शांत असायचं.

शालूबाई : तुमाला बरं वाटायचं.

जयराज : विचारायला काय नसायचंच. दही लागलेलं असायचं. झाडं हिरवी असायची. तिनं सगळं नीट ठेवलेलं. आता कुठं मला प्रश्न पडायला लागलेत.

अंकिता : चार वरसं मी त्या गॅलरीत कुंड्यांसंगं बोलत बसले, आई. कुंड्यांसंगं. वरच्या मजल्यावरची बाई विचारायची, पाव्हणं आल्यात का तुमच्याकडं.

शालूबाई : जावईबापू, आता मी काय सांगते ते बसून ऐका.

जयराज : बसलोय.

शालूबाई : अंकिता न्हाई यायची.

जयराज : संक्रांत झाल्यावर... मला वाटलं, थंडी हाय, माहेरी राहील जरा...

शालूबाई : संक्रांतीलाबी न्हाई आन पाडव्यालाबी न्हाई. वकिलाचा कागद येईल तुमच्या हातात. तुमाला पोस्टमनकडनं कळू नये म्हणून मी सांगतीया. माझंच तोंड कडू झालंय बगा.

जयराज : बरं.

शालूबाई : ‘बरं’ काय म्हणताय? बोला की कायतरी!

जयराज : ती तिथंच बसलीय ना?

शालूबाई : न्हाई... रानात गेलीया.

जयराज : तुमच्याकडं मांजर न्हाई मामी. उंदरांनी बियाणाचा भोपळा फोडला म्हणून तुम्हीच सांगत हुता.

शालूबाई : घे गं. धर ह्यो फोन. माझ्याच्यानं आता न्हाई व्हायचं. जावईबापू, लेक ऐकतीया. काय असंल ते आता तिला सांगा. माझ्यापाशी न्हाई, तिच्यापाशी. मी आत जाते.

जयराज : अंकिता.

अंकिता : हं.

जयराज : जेवलीस?

अंकिता : सकाळचे नऊ वाजल्यात.

जयराज : व्हय की.

अंकिता : बोला. आज काय वाट्टेल ते बोला, मी मधी बोलणार न्हाई. शिव्या द्या. फोन ठेवायची घाई न्हाई मला.

जयराज : शिव्या कशाला देऊ?

अंकिता : मग दुसरं काय असंल ते. तुमच्या मनात असंल ते.

जयराज : अंकिता, ते...

अंकिता : हं. ऐकतीया.

जयराज : ते भोगीला बाजरीची भाकरी करतात, त्याचे तीळ पिठात मिसळायचे असतात का वरनं लावायचे?

अंकिता : (मेथीची जुडी पुन्हा पुढ्यात ओढते.)

जयराज : अंकिता?

अंकिता : वरनं. थापताना हातानं दाबायचे, न्हाईतर तव्यावर गळत्यात.

जयराज : बरं.

अंकिता : अजून काय?

जयराज : न्हाई. एवढंच.