त्याच जागी खोकली

सकाळी सव्वादहाला नाट्यगृहाची तिकीटखिडकी उघडली. संगीत नाटकाची नायिका संस्कृती ही आशाबाईंची लेक. फर्दापूरच्या पाहुण्यांसाठी तिकिटं घ्यायला त्या स्वतः रांगेत उभ्या होत्या. पुढच्या दोघांना ते ठाऊक नव्हतं.

"गयासभाई, बाई गात नाय. रेकॉर्डिंग लावत्यात."

"क्या बात करता, कडूबा! वीस वर्षं गातेय ती."

"मग परवा वन्समोर घेतला, तव्हा तान तीच कशी? खोकली बी त्याच जागी."

"सर्दी असंल."

"सर्दीला ताल कळतो व्हय?"

"तो फिर आज देखेंगे. पुढं बसू, वन्समोर मागू, आन् म्हणू, बाई, आता एक पट्टी चढवून होऊ द्या."

"आन् खरंच गायली तर?"

"तर तू पाया पडून माफी मागायची."

दोघांनी पहिल्या रांगेतली तिकिटं घेतली. आशाबाई रांगेतून बाहेर आल्या आणि त्यांनी लेकीला फोन लावला.

"आज पट्टी चढवून वन्समोर मागणार हायेत गं. गाशील ना?"

"कोण म्हणलं, आई?"

"गाशील ना?"

"तू आधी नाव सांग."

दुपारी बारा वाजता नाट्यगृहाच्या दारावर पाटी लागली : आजच्या प्रयोगात वन्समोर घेतले जाणार नाहीत.