सासूबाईंच्या कुंडीतला अर्क

कर्करोगाच्या सगळ्या पेशी मेल्या, असं लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या पांढऱ्या कोटातल्या मुलीनं मित्राला सांगितलं आणि लगेच म्हणाली, "पण असं काही झालेलंच नाही, कळलं?"

"म्हणजे? पानांचा अर्क लागू पडला ना?"

"अर्क अल्कोहोलमध्ये विरघळवला होता. तुलनेसाठी ठेवलेल्या दुसऱ्या प्लेटमध्ये पान नव्हतंच, नुसतं अल्कोहोल. तिथल्याही पेशी मेल्या."

"मग औषध अल्कोहोलच! माझे काका कधीपासून हेच सांगतायत."

"गप रे. थेंबभर घालायचं, तिथे मी धार लावली."

"सरांना सांग ना, पुन्हा करते म्हणून."

"सरांनी पहिली प्लेट पाहिली आणि तिथूनच सासूबाईंना फोन लावला. पानं त्यांच्या कुंडीतली. लग्नानंतर पहिल्यांदा त्या सरांना 'जावईबापू' म्हणाल्या. सर रडले."

"अगं, मग तुझी पीएचडी?"

"सर ती त्याच कुंडीत पुरतील."

"मग करणार काय?"

"संचालकांकडे अर्ज करणार. उपरोक्त दुसऱ्या प्लेटमधील पेशींचा मृत्यू पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून त्यांना तात्काळ कामावर रुजू करून घ्यावे, ही नम्र विनंती."