नानांच्या सायकलीच्या वायरीचं टोक

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय झुलाल आबा, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती पोस्टमन लोटन नाना, सौ. सुगंधाअक्का आणि पारोळ्यातील बंधुभगिनींनो,

नानांच्या सेवेबद्दल आधीचे वक्ते भरभरून बोलले. मी सायकलवाला. ही विद्या कुठल्या शाळेत शिकलो नाही, खोलून-जोडून शिकलो. तेव्हा मी ब्रेकच्या वायरीबद्दल बोलणार. हसू नका.

नाना वायर घरी अडकित्त्याने कापतात. अहो, ती काय सुपारी आहे? वायर म्हणजे बारीक तारांचा पीळ. नुसती कापली की टोकाचा कुंचा होतो, मग ती नटाच्या भोकातून पुन्हा जात नाही. किती वेळा सांगितलं, आधी कथील वितळवून डाग द्यायचा, म्हणजे तारा एकमेकींना चिकटतात, मग कापायचं, मग टोकावर टोपी दाबून बसवायची. नानांचं उत्तर ठरलेलं. "जीवराम, गाडी चालस ना, मंग बठ्ठं बरं शे." आणि वरून दोरा गुंडाळायचा.

आता नाना निवृत्त होऊन शेतावर राहायला चालले. तिथे दुकान कुठलं? म्हणून गावाने दिलेल्या या नव्या सायकलीच्या दोन्ही वायरी मी स्वतः बसवल्या. डाग, टोपी, आणि पुढेमागे ताणायला दोन बोटं वायर राखलेली. असं काम जिल्ह्यात दुसऱ्या कुणी करून दाखवावं.

आणि सजावट बघणाऱ्या छगनभाऊंनी काय केलं? हार बांधताना पत्र्याच्या कात्रीने ती दोन बोटं डाग-टोपीसकट उडवली, थेट नटापाशी. विचारलं तर म्हणतात, "फोटूमा त्या मिशा बऱ्या दिसतीन का?" अहो, सायकल फोटोत उभी असते, उतारावर नसते.

भाषणाला उठण्याआधी मी पुढचा ब्रेक दाबून पाहिला. नटातून तारा निसटू लागल्या आहेत. आणि ठरल्याप्रमाणे नाना आता मिरवणुकीत अक्कांना कॅरिअरवर बसवून बाजारपेठेचा उतार उतरणार. आबा, आपल्याला हे चालेल? मला नाही चालणार.

नाना मघापासून खुर्चीतूनच म्हणताहेत, "जाऊ दे रे, मी पाय टेकी लिसू." नाना, माझ्या हातच्या सायकलीवर पाय टेकायची वेळ यायची नाही. चाकाला कुलूप लावलंय, किल्ली माझ्या खिशात आहे. आज मिरवणूक पायी निघेल. उद्या नवी वायर टाकून सायकल मी स्वतः शेतावर पोचवीन.

एवढं ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. अक्का, तुम्हाला उतार पायी उतरावा लागतोय, तेवढी माफी मात्र वेगळी मागतो.