ताराच्या चौकोनात कोण पाहतंय?

खटक्-फटक्, खटक्-फटक्… हातमागाच्या धोट्याचा हा आवाज ज्यांच्या कानांत अजून शिल्लक आहे, असे या सभेचे अध्यक्ष नागेंद्रराव, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती विनोद, आणि वडगावातल्या माझ्या विणकर बंधुभगिनींनो,

त्या आवाजाच्या तालावर मी आमच्या लेकीला, राणीला, शाळेतल्या कविता चालीवर म्हणायला शिकवल्या. माझी पत्नी तारा मागावर बसलेली, राणी तिच्या पाठीला टेकलेली. एक ओळ चुकली तर तारा धोटा थांबवायची. असो. म्हातारा मास्तर बोलायला उभा राहिला, की असंच होतं.

विनोदने अठ्ठावीस वर्षं आपल्या घराघरांत केबल ओढली. आज ती गुंडाळतोय, कारण टीव्ही आता खिशातल्या फोनमध्ये आला. माझ्या फोनमध्येही त्यानंच तो घालून दिला. "सर, लई सोपं हाय. उघडलं की विचारतंय, 'कोण पाहतंय?' काकूंचा चौकोन येगळा, तुमचा येगळा. जिथं सोडलं तिथनंच फुडं चालू हुतंय. खाली तांबडी रेघ दिसती, तेवढं बघून झालं समजायचं."

घरात फोन एकच, माझा. सकाळच्या चहाबरोबर तारा तिची मालिका बघायची. श्रावणात ती गेली. तिची रेघ एकशेबाराव्या भागावर थांबली होती.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तिला आवडणारे आवाज घरात असावेत म्हणून मी तिचा चौकोन उघडला. रेघ एकशेएकोणिसाव्या भागावर! आणि चित्राखाली कानडी अक्षरं धावत होती. मंडळी, हातातली कपबशी मी कशी खाली ठेवली, मला आठवत नाही. मेलेलं माणूस मालिका बघतं का? आणि कानडी कधी शिकतं?

मी अनवाणी विनोदच्या दुकानात गेलो. तो हसला. "भ्याचं न्हाय सर, भूत बीत काय न्हाय. दुसऱ्या फोनवर कोणतरी बघालंय. हितं बटण हाय बघा, सगळ्यांना भायेर काढायचं. दाबा."

"कुणाचा फोन?"

त्यानं बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "सदलगा," म्हणाला. "सर, काकूंनीच मला जोडून द्याला लावलंतं. सरांना सांगू नगो म्हणाल्या."

सदलगा म्हणजे राणीचं सासर. घर कानडी. नऊ वर्षांपूर्वी तिनं लग्न ठरवलं, तेव्हा मी म्हणालो होतो, "जिथं आपल्या कवितेची चाल कुणाला कळत नाही त्या घरी जाणार असशील, तर ही पायरी पुन्हा चढू नकोस." ती चढली नाही. लहानपणापासून आज्ञाधारक पोर.

आणि आई गेल्याचं मी तिला कळवलंच नाही. उद्या कळवू, परवा कळवू म्हणत गेलो. मग कळवायला तोंडच उरलं नाही.

ते बटण मी दाबलं नाही. रोज सकाळी रेघ बघायची. पुढं सरकली की सदलग्यात सगळं ठीक आहे असं समजायचं. पण एक कोडं सुटत नव्हतं. राणीला मराठी समजायला कानडी अक्षरं कशाला?

गेल्या सोमवारी धीर केला. चौकोनाचं नाव बदलता येतं, हेही विनोदनंच शिकवलेलं. 'तारा' पुसलं आणि लिहिलं, 'राणी, घरी ये.'

त्या दिवसापासून रेघ हललेली नाही. सहा दिवस. एकशेचाळिसाव्या भागात, अर्ध्या वाक्यावर. माझी झोप उडाली आहे. एवढा एकच धागा उरला होता, तोही मी माझ्या हातानं तोडला का?

विनोद, तुझा सत्कार केबलसाठी असेल. माझ्याकडून तो त्या एका जोडणीसाठी, जी तू मला न सांगता केलीस. संयोजकांचे आभार. सत्काराच्या सभेत घरचं गाऱ्हाणं मांडलं, ती या मास्तरची चूक पोटात घाला…

कोण आहे दारात? मालुबाई? या, या. आमच्या शेजारीण मालुबाई, मंडळी. बरोबर कुणाला आणलंत? या बाई कोण? फोन का उंच धरलाय?

काय म्हणता? "ना राणी अत्ती री"? राणीच्या सासूबाई?

म्हणजे मालिका… तुम्ही बघत होता? तुम्ही, ताराबरोबर? तिच्याच चौकोनात, तिकडं सदलग्यात?

थांबा, मंडळी, जरा गप्प राहा. त्या कानडीत सांगतायत… 'तारा' ही दोन मराठी अक्षरं तेवढी त्या ओळखतात, ती बघूनच चौकोन उघडायच्या. सोमवारपासून ती दिसेनात, म्हणून घाबरून आल्या. आणि राणी बाहेर उभी आहे. इथल्याही पायरीच्या खाली.

बाई विचारतायत, "ताराबाय येल्लि अदारी?" तारा कुठं आहे?

विनोद, माईक बंद कर रे. हे मला पायरी उतरून सांगायला पाहिजे.